उठून गेलेलं गिऱ्हाईक

मोटारीतलं मला काही कळत नव्हतं, तरी सहा वर्षं मी मोटारी विकल्या. म्हणजे विकायचे साहेब, मी नुसतं त्यांचं तोंड. मुंबईच्या एका कंपनीची नागपुरात सदरमध्ये शाखा होती, तिथे पस्तीस रुपयांवर मी कारकून होतो. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. साहेब पारशी गृहस्थ, माणूस सज्जन, पण त्यांना इंग्रजी, गुजराती आणि बाजारापुरती हिंदी येई. कोणी मराठी बोलायला लागलं की ते माझ्याकडे बघत. वकील, डॉक्टर आले तर ते साहेबांशी परस्पर इंग्रजीत बोलत आणि माझं काम बिल लिहिण्यापुरतं असे. खेड्यावरचा मालगुजार, म्हणजे आमच्याकडचा जमीनदार, आला की मात्र मला हाक पडे. मग सौदा होईपर्यंत दोन्हीकडचं मीच बोलायचं आणि दोन्हीकडची बोलणीही मीच खायची.

माझा स्वभाव तेव्हा तापट होता. आताही आहे असं घरचे म्हणतात, पण तेव्हा राग आला की आठ-आठ दिवस मुक्कामाला राहायचा. बोलून मोकळं होणाऱ्यांतला मी नव्हे. मी गप्प बसायचो, आणि लोकांना वाटायचं, वा, काय शांत माणूस आहे!

पोळा होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. दुकानासमोर एक दमणी येऊन थांबली. बैलांच्या शिंगांचा रंग अजून ताजा होता. आतून साठीच्या आसपासच्या एक बाई उतरल्या. कपाळ मोकळं, पायात पुरुषी वहाणा, चाल अशी की दुकान त्यांचंच आहे. मागून छत्री काखेत मारलेले त्यांचे दिवाणजी. बाई पारशिवनीच्या पलीकडच्या एका गावच्या मालगुजारीण. नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली, मुलगा आहे पण त्याचं लक्ष शिकारीत, कारभार सगळा बाईंच्या हातात, हे दिवाणजींनी मला पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं.

साहेबांनी नेहमीप्रमाणे बॉनेट उघडलं आणि इंजिनाचं कौतुक सुरू केलं. मी त्याचं मराठी करत होतो. बाई तिकडे बघतच नव्हत्या. त्यांनी मागचा दरवाजा उघडला, तळहाताने गादी दाबली, मग आत जाऊन बसल्या आणि बसल्या जागी दोनदा उसळी मारून पाहिली.

"या गादीवर बाईमानसाले निजता येईल का?" त्यांनी विचारलं.

साहेबांना मी विचारलं. असा प्रश्न त्यांना आजवर कोणी केला नव्हता. पाय दुमडले तर येईल, असं ते म्हणाले.

मग बाईंनी स्वतःच सांगितलं, काही आडपडदा न ठेवता. "सुनेले सहावा लागला हाय. या आधीचे दोन गेले. पयला घरीच गेला. दुसऱ्या येळी नवव्यात नागपूरले आनून ठेवाव म्हनून दमणीत घातली, तं वाटेतच झालं सगळं. आता डाक्तरीनबाई म्हनते, दर पंधरा दिवसानं दाखवाले आना, अन् पोरीले धक्का लागू देऊ नका. सांगा आता, आनू कशात? खांद्यावर?"

भाड्याची मोटार करा, असं मी सुचवलं. हातचं गिऱ्हाईक घालवायची ही बुद्धी मला कुठून झाली कोण जाणे, पण त्या बाईंपुढे खरं तेच तोंडून निघे.

"केली होती बाबू. पक्की सडक सरली तं डायवर म्हने, समोर येत नाई, माह्या गाडीच्या कमानी तुटते. अन् रेल्वेच्या टेशनापावतर बी दमणीच लागते."

गाडी चालवून दाखवा, असं त्या म्हणाल्या. साहेब त्यांना सिव्हिल लाइन्सच्या गुळगुळीत रस्त्यावर नेणार होते. बाईंनी दमणीतून पितळेचा गडवा मागवला, काठोकाठ पाणी भरून घेतलं आणि तो मांडीवर धरून मागे बसल्या. "आता न्या कच्च्यानं," म्हणाल्या. काटोल रोड सोडून आम्ही एका गाडीवाटेला लागलो. पुढे साहेब आणि मी, मागे बाई आणि दिवाणजी. प्रत्येक खड्ड्याला साहेब मान वळवून गडव्याकडे बघत, आणि मी समोरच्या बाभळींकडे. परत आलो तेव्हा पाणी दोन बोटं उतरलं होतं आणि बाईंचं लुगडं गुडघ्यावर भिजलं होतं.

"दमणीत अर्धा सांडते," त्या म्हणाल्या. "चालते ही."

मग भाव. गाडी एकतीसशे पन्नासला होती. बाईंनी चोवीसशे सांगितले. साहेबांनी मुंबईहून आलेला छापील भावाचा कागद पुढे केला. बाईंनी तो दिवाणजींकडून वाचून घेतला आणि म्हणाल्या, "छापनारा बी मानूसच असन ना?" हे मी साहेबांना इंग्रजीत सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून हसले. मला बाई आवडू लागल्या होत्या, हे इथे सांगायला हवं.

घासाघीस करायला कंटाळा नव्हता कोणालाच. टप कापडाचं काहून, एवढ्या पैशात लाकडाचं द्या. स्टेपनीचं वेगळं काहून धरता, चाक काय चारच असते का. गावचा एक पोरगा पाठवते, त्याले महिनाभर चालवणं शिकवा. साहेब एकेक गोष्ट सोडत गेले. पण खरा प्रश्न पैसे कसे द्यायचे याचा होता. आमच्या कंपनीची रीत अशी की तिसरा हिस्सा आधी, बाकीचे बारा महिन्यांचे बारा हप्ते, आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडी कंपनीच्या मालकीची. हे शेवटचं वाक्य सांगताना मी नेहमी आवाज खाली घेत असे, कारण इथेच गिऱ्हाईक बिचकायचं.

"म्हनजे आंगन माहं अन् त्यातली गाडी तुमची?"

"फक्त कागदावर, बाई."

"कागदावर म्हनता बाबू! आमची मालगुजारी बी कागदावरच हाय."

तरी तेही त्यांनी गिळलं. हप्त्यावर मात्र अडून बसल्या. "महिन्याच्या महिन्याले पैसा नोकरीवाल्याले भेटते. आमाले वर्षातून दोनदा भेटते, संत्र्यावर अन् कपाशीवर. दर महिन्याले मी आनू कुठून?"

बरोबरच होतं त्यांचं. मुंबईला बसून कागद छापणाऱ्याला हे काय कळणार? मी साहेबांना म्हटलं, दोनच हप्ते करू, एक दिवाळीनंतर संत्र्यांचा, एक फाल्गुनात कापसाचा. साहेबांना पटलं, पण अधिकार मुंबईचा. तोवर पितृपक्ष लागला. त्या पंधरवड्यात आमच्याकडे कोणी सुई घेत नाही, मोटार कुठली घेतंय? बाई गावी गेल्या आणि मी पत्रं लिहायला बसलो. पहिल्या पत्राला नकार आला. दुसऱ्याला उत्तरच नाही. तिसऱ्यात मी संत्र्याचा बहार कधी धरतो, बाग व्यापाऱ्याला कधी जाते, पैसा कधी हातात येतो, हे सगळं शाळामास्तरासारखं समजावून लिहिलं. साहेबांनी त्यातला एक शब्द न बदलता सही केली. चौथ्या पत्राला होकार आला. घरी जाऊन मी बायकोला ते तीन वेळा सांगितलं. एवढं डोकं मी आजवर कोणाच्याच गाडीसाठी लावलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते मी त्या न पाहिलेल्या सुनेसाठी लावलं होतं.

घटस्थापना होऊन दोन दिवस झाले आणि बाई आल्या. सुनेला सातवा लागला होता. साहेब आता तीन हजार पंचवीसवर आले होते, बाई एकोणतीसशेवर. मध्ये उरले सव्वाशे. चहा आला, दिवाणजींनी घेतला, बाईंनी नाही घेतला. मी हप्त्यांचं सांगितलं. मुंबईने पहिल्यांदाच असं मान्य केलंय, हे जरा फुगवून सांगितलं. त्या मला काहीतरी बरं म्हणतील अशी माझी अपेक्षा होती, आता लपवायचं काय!

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "यातले तुमचे किती, बाबू?"

"माझे म्हणजे?"

"दस्तुरी. गाडीमागं तुमाले काही भेटतच असन ना."

"पंचवीस," मी म्हणालो. "पण ते कंपनी देते. तुमच्याकडून नाही."

"अन् कंपनी कोनाकडून देते?"

दिवाणजी खो खो हसले. दारात उभा असलेला गाडीवानसुद्धा हसला. आणि साहेब, त्यांना काही कळलं नव्हतं म्हणून, आपल्या नेहमीच्या उत्सुकतेने मला विचारू लागले, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या? म्हणजे माझा अपमान मीच इंग्रजीत करून सांगायचा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी एक पैसा खाल्ला नव्हता. खात असतो तर हसून सोडून दिलं असतं, पण मी खरा होतो, म्हणून तर जास्त झोंबलं. बाई म्हणतात किंमत जास्त आहे, एवढंच मी साहेबांना सांगितलं.

साहेबांनी मान हलवली. आता कमी होणार नाही, असं म्हणाले.

"चला, दिवाणजी," म्हणून बाई उठल्या.

आता यातली गोम साहेबांना ठाऊक असणं शक्य नव्हतं. आमच्या नागपुरात, इतवारीत लुगडं घ्या की गुजरीत वांगी घ्या, गिऱ्हाईक उठतं ते जायला उठत नाही. दुकानदाराने पायरी उतरेपर्यंत थांबायचं असतं आणि मग हाक घालायची असते, या, या, तुमचंही नको नि आमचंही नको. हाक आली की गिऱ्हाईक परत येऊन बसतं आणि सौदा होतो. हाक आली नाही तर मात्र त्याला आपणहून परतता येत नाही, त्याची पत जाते. बाई तेच करत होत्या. दारात थांबून त्यांनी पदर सारखा केला. गाडीच्या मडगार्डावरून एकदा हात फिरवला. पायरीवर उभं राहून दिवाणजींना काहीतरी विचारलं. बैल जुंपायला गाडीवानाने एवढा वेळ लावला की तेवढ्यात चार दमण्या जुंपून झाल्या असत्या. मला सगळं दिसत होतं. मी शाईची दौत पुसत बसलो.

"जा रहे हैं क्या?" साहेबांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

दमणी निघून गेली. संध्याकाळी साहेबांनी हिशेब करून पाहिला आणि म्हणाले, आणखी साठ आपल्या अधिकारात सोडता येतील, बाईंना कार्ड टाकून दे. त्यांनी बाईंच्या सौद्याच्या फॉर्मवर नवा आकडा लिहिला, खाली तारीख घातली आणि फाइलमध्ये ठेवला. मी टाकतो म्हणालो.

तीन पैशांचं कार्ड. मी ते टाकलं नाही.

पहिल्या दिवशी म्हटलं, उद्या लिहू. दुसऱ्या दिवशी ते 'कोनाकडून देते' पुन्हा कानात वाजलं आणि म्हटलं, बसू देत वाट बघत. बाई गावी ओसरीत बसून रोज डाकवाल्याची वाट पाहत असतील, हे मी मुद्दाम डोळ्यांसमोर आणायचो आणि मला बरं वाटायचं. दसरा आला. गाड्यांना झेंडूच्या माळा घातल्या, एका डॉक्टरांनी गाडी नेली, मला दस्तुरी मिळाली. राग आठ-दहा दिवसांनी निवला. पण मग दुसरीच अडचण झाली. आता लिहायचं तर इतक्या उशिराचं कारण काय द्यायचं? साहेबांनी मध्ये एकदा विचारलं, जवाब आया? नाही आला, मी म्हणालो. ते खरंच होतं. कोजागिरी गेली. सुनेला आठवा लागला असेल, हे मला कळत नव्हतं असं नाही. बोटांवर मोजता येत होतं. पण आज नाही उद्या बाई स्वतःच येतील, गरज त्यांना आहे, असं मी स्वतःला सांगत राहिलो. दिवाळीच्या कामात मग तेही सांगायचं राहून गेलं.

भाऊबीज होऊन पाचव्या-सहाव्या दिवशी बाई आल्या. दमणीतून नाही, टांग्यातून. आत येऊन त्या तडक साहेबांच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसल्या. दिवाणजी दारातच माझ्यापाशी थांबले. मी काही विचारायच्या आत त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. धनतेरसच्या पहाटे कळा सुरू झाल्या, दीड महिना आधी. दमणीत घालून निघाले. कन्हान नदीच्या अलीकडे दमणीतच झालं. मुलगा होता. रडला नाही. सून वाचली, जनाना इस्पितळात आहे, पण पुढे आता मूल होणार नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. दिवाणजी हे सगळं सांगताना माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघत होते. या दोन महिन्यांत एकदाही दाखवायला आणता आलं नाही, असंही ते म्हणाले. मग छत्री भिंतीला टेकवून आत गेले.

मी त्यांच्यामागून आत गेलो.

"भाव तुमचाच," बाई म्हणाल्या. "तीन हजार पंचवीस. कागद काढा. पोरीले सुट्टी भेटून राहिली परवा. आता मी तिले दमणीत नाई घालत."

मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं, पण आकडा साहेबांना मराठीतही कळला होता. त्यांनी फाइल उघडून तो फॉर्म बाहेर काढला आणि आपल्या बाजारी हिंदीत थेट बाईंनाच म्हणाले, "तीन हज़ार पच्चीस नहीं बाई. साठ तो हमने उसी दिन छोड़ दिया था. ये देखो, तारीख भी है. चिठ्ठी नहीं मिली आपको?"

बाईंना हिंदी चांगली कळत होती. त्यांनी फॉर्म हातात घेतला. वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग दिवाणजींकडे दिला. दिवाणजींनी तारीख वाचून दाखवली.

"चिठ्ठी?" बाईंनी मला विचारलं.

डाकेत गहाळ झाली असेल, असं म्हणता आलं असतं. त्या गावाला डाक आठवड्यातून दोनदा जाई आणि निम्मी पावसाळ्यात कुठे जाई ते कोणाला माहीत नसे. कोणीही विश्वास ठेवला असता. ते वाक्य माझ्या जिभेवर आलंही होतं.

"लिहिलीच नाही, बाई," मी म्हणालो.

"काहून?"

"राग आला होता."

"माहा?" त्या खरंच बुचकळ्यात पडल्या. "कायचा राग, बाबू?"

मी सांगितलं. दस्तुरीचं विचारलंत, सगळ्यांसमोर विचारलंत, दिवाणजी हसले. माझ्या तोंडून ते बाहेर पडताना मला स्वतःलाच ऐकवेना, एवढंसं होतं ते. साहेब एकदा माझ्याकडे, एकदा बाईंकडे बघत होते. या वेळी काय म्हणाल्या असं त्यांनी विचारलं नाही.

बाई आठवायचा प्रयत्न करत होत्या. कपाळाला आठ्या घालून, अगदी मनापासून. शेवटी त्यांनी दिवाणजींकडे पाहिलं. "असं म्हटलं होतं का गा मी?"

दिवाणजींनी मान खाली घातली.

"मले तं आठवत बी नाई," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी सही कुठे करायची ते विचारलं. मी बोट ठेवलं तिथे दिवाणजींनी त्यांचं नाव लिहिलं आणि बाईंनी अंगठा उमटवला.